माशांनी घेतलेले दुखणे

“गेलं! अव्वावरचं गेलं!”

बैठकीतून थोरल्या भावाची, अण्णाची, ही आरोळी आली तेव्हा मी अंगणात जीपच्या मागच्या बाकावर गादी पसरत होतो. सोलापूर फार लांब नव्हते; पण अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, काही दिवसांपासून आडवे होता येत नव्हते. पाठ टेकली की धाप लागे, म्हणून ती भिंतीला टेकून बसल्या बसल्याच डोळा लावी. पाय सुजून वहाणेत मावेनासे झाले होते. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी तिची छाती बराच वेळ तपासली आणि आम्हा दोघा भावांना बाहेर बोलावून सांगितले, “हृदयाच्या झडपेत दोष दिसतो. इथं माझ्याच्यानं काही व्हायचं नाही. उद्याच सोलापूरला न्या. हयगय केलीत तर मग नेण्यात अर्थ राहणार नाही.” अण्णाने मान हलवली होती. जीपमध्ये डिझेलही त्यानेच भरून आणले होते.

अव्वाला काही झाले या समजुतीने मी आत धावलो. अव्वा आपल्या जागी भिंतीशी बसलेली होती. अण्णा तिच्यापुढे नव्हे, ईशान्येच्या कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीपुढे हात जोडून उभा होता. पेटीत एक सोनेरी मासा पोट वर करून तरंगत होता आणि उरलेले आठ जण पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडे आणून हवा गिळत होते.

“महानंदा, साखर आण,” अण्णा वैनीला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “घेतलं गं, माशानं अंगावर घेतलं!”

या पेटीचा इतिहास थोडक्यात सांगतो. अण्णाचे गावात मोटारपंपांच्या सुट्या भागांचे दुकान होते. ते मध्यंतरी चालेनासे झाले तेव्हा कोणा वास्तुवाल्याने त्याला आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ईशान्येला ठेवायला सांगितले. घरावर येणारे संकट मासा स्वतःवर घेतो व मरतो. त्याच्या जागी दुसरा आणून सोडला की घर पुन्हा सुरक्षित, अशी ही व्यवस्था होती. आमच्या घरात अंडेसुद्धा कधी शिरले नव्हते. पण मेलेल्या माशाला हळदकुंकू वाहून परसात पुरण्याचा विधी अण्णा मोठ्या भक्तिभावाने करी.

“अण्णा, गाडी तयार आहे,” मी म्हणालो. “अव्वाला उठवू या.”

“आता कशाला?”

“कशाला म्हणजे?”

“डोळे फुटले का तुझे? काल डॉक्टर बोलला, आज मासा गेला. जे यायचं होतं ते त्याच्यावर आलं. सुटली अव्वा!”

“मासा घाण पाण्यानं मेला. वास बघ त्या पाण्याचा.”

“तू काय माशाची नाडी बघितली होतीस?”

“तू बघितली होतीस का?”

वैनी साखरेची वाटी घेऊन दारात उभी होती. तिने ती वाटी उंबऱ्यावर आदळली. “मासा मेला की या घरात दिवाळी! सासूबाईंना श्वास घेता येईना, त्याचं काही नाही. नऊ मासे पाळण्यापेक्षा माझ्या बापानं मला एक शहाणा नवरा बघून दिला असता तर बरं झालं असतं.”

“तू मधी बोलू नको.”

“मी मधी नाही, दारात आहे.”

मी अव्वाकडे वळलो. “अव्वा, तू सांग. निघायचं ना?”

अव्वाने पदराने ओठ पुसले. पुढचे एवढेसे बोलायलाही तिला मध्ये थांबावे लागले. “काशिनाथ म्हणतो… तर राहू दे की रे. ऊन किती आहे.”

भाड्याची गाडी मी आणू शकलो असतो. पण थोरल्या काशिनाथच्या, अण्णाच्या, शब्दावाचून अव्वा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे, आणि न येणाऱ्या आईला उचलून गाडीत कोंबणे मला त्या दिवशी शक्य वाटले नाही. संतापाने माझे कान तापले होते. तरी मी अण्णाला एक प्रश्न विचारून घेतला, कारण वादात प्रतिपक्षाचे विधान पक्के करून घेण्याची मला सवय आहे.

“हा मासा मेला नसता तर?”

“तर नेलंच असतं. शपथेवर सांगतो. गाडीत डिझेल उगाच भरलं का?”

आणि त्याने स्वतःच्या हाताने जीपमधली गादी काढून आणली.

मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होतो. त्या पेटीतले पाणी बाटलीत भरून मी कामावर नेले. नळीत अभिकर्मकाचे थेंब पडताच ते गर्द पिवळे झाले, इतके की माझा सहकारी विचारू लागला, हे कुठल्या गटाराचे म्हणून. अमोनिया होता, आणि तो असणारच होता. चार घागरींच्या पेटीत नऊ मासे. त्यांना दोन्ही वेळा मूठ मूठ खाणे, कारण अण्णाच्या मते अतिथी उपाशी राहता कामा नये. आणि पाणी गढुळले की अण्णाची ती घोर स्वच्छता. आमच्या गावात नळाला आठवड्याने कधीतरी पाणी येई. त्या दिवशी तो पेटी पूर्ण उपसून, तळातले खडे धुण्याच्या सोड्याने घासून, पांढरे शुभ्र करून पुन्हा भरी. माशांची घाण पचवणारे जे सूक्ष्म जंतू खड्यांवर आणि गाळणीच्या स्पंजात कष्टाने वाढलेले असत, त्यांचा त्यात समूळ संहार होई. वर नळाच्या पाण्यातली ताजी जंतुनाशक पूड माशांच्या कल्ल्यांना जाळीत राही ती वेगळीच.

हे सर्व मी दुकानात जाऊन अण्णाला क्रमवार समजावून सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले, आणि त्या शांतपणानेच मी अधिक भडकलो.

“झालं तुझं?” तो म्हणाला. “अमोनियानं मेला. बरं. पण अमोनिया तर तू म्हणतोस तसा कधीचाच होता. मग त्यानं तो मासा डॉक्टर येऊन गेल्यावरच का मारला?”

“योगायोग!”

“म्हणजे तुलाही माहीत नाही. माणूस ट्रकखाली गेला तरी आपण काळानं नेला म्हणतो की नाही? ट्रक निमित्त. तुझा अमोनिया निमित्त.”

 या युक्तिवादाला कुठून धरावे हेच कळत नव्हते. दुकानाच्या पायऱ्या उतरताना मात्र मला मार्ग दिसला. मासा मेला नसता तर नेले असते, असे तो स्वतःच बोलून गेला होता. मग मासे मरू द्यायचे नाहीत! त्याच्या मूर्खपणाचे इंधनच तोडायचे. आईला दवाखान्यात नेण्यासाठी माशांची शुश्रूषा करावी लागणारा मुलगा त्या तालुक्यात दुसरा नसेल.

त्याच दिवशी मी पेटीचा कारभार ताब्यात घेतला. अण्णाने नियमाप्रमाणे नववा मासा आणून सोडला होताच. मी सोड्याचा डबा लपवला आणि खाण्याचा डबा माझ्या कपाटात कुलूपबंद केला. दिवसातून एकदा, एकच चिमूट. परसातल्या पिंपात नळाचे पाणी उघडे ठेवून त्यातला पुडीचा क्लोरीन उडून जाऊ द्यायचा, मग पेटीतले चौथा हिस्सा पाणी रबरी नळीने तळातून ओढून काढायचे आणि तेवढेच पिंपातले हळूहळू भरायचे. स्पंज धुवायचा तो त्याच उपसलेल्या पाण्यात, म्हणजे जंतू जगतात. दररोज नळीत पाणी घेऊन त्याचा रंग तपासायचा.

“बाई गं!” वैनी परसात येऊन ओरडली. “माणसांना तांब्यात अंघोळ अन् माशांना पिंपभर पाणी! पलीकडच्या बायका बघतात, मला तोंड दाखवायला जागा नाही.”

“माझ्या वाटणीची बादली त्यांना देतो आहे. मी ओल्या फडक्यानं अंग पुसेन.”

“वास येईल तुम्हाला, भावजी. मग अमोनिया तुमच्यातच सापडेल.”

ती बोलली तेवढेच; पण दुसऱ्या दिवसापासून भांडी धुण्यातली एक कळशी वाचवून तीही पिंपात ओतू लागली. तिला माझी खटपट कळली होती.

नळीतले पाणी फिकट होत होत जवळजवळ रंगहीन झाले. मासे तळाशी फिरू लागले, खडे उचलून थुंकू लागले, आणि तो काळा मासा तर मी काचेजवळ गेलो की भुकेल्या वासराप्रमाणे धावत येई. मला त्याचा राग येत असे. त्याची तब्येत सुधारत होती आणि अव्वाची बिघडत होती. तिची सूज घोट्यावरून पोटऱ्यांपर्यंत चढली होती. डॉक्टरांनी मीठ बंद केले होते म्हणून वैनी तिला दूधभाकरी कुसकरून देई; वाटी रिकामी होई, आणि तरीही तिच्या गालफडांची हाडे दिवसेंदिवस वर येत चालली होती.

मी अण्णाला पेटीपुढे नेऊन उभे केले. “मोज. नऊच्या नऊ. एकही मेलेला नाही. आता गाडी काढ.”

अण्णा कौतुकाने माशांकडे पाहत राहिला. “काय खेळतात रे! वास्तुवाला म्हणालाच होता, मासे असे आनंदात असले म्हणजे घरावर कसलं सावटच नाही.”

 मला सुचले ते सगळेच बाहेर पडले.

“मेला तर संकट टळलं, जगला तर संकट नाहीच! मग आईला न्यायचं कधी? मासा गाडी चालवायला लागला म्हणजे? तिचे पाय बघ! तिचे ओठ निळे पडलेत ते बघ! अरे, तू आंधळा आहेस की हलकट आहेस, एकदा ठरव, म्हणजे मला त्याप्रमाणे बोलता येईल!”

“ओरडू नको. मासे बिचकतात.”

मी पेटी फोडण्यासाठी हात उचलला होता, हे मी नाकारत नाही. तो वैनीने धरला. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. ती नवऱ्याशी बोलली, आणि अत्यंत खालच्या आवाजात बोलली. “सोमवारी सासूबाईंना न्या. नाही नेलंत तर मी त्यांना एस.टी.त बसवून नेते. अन् जाता जाता स्टँडवर सगळ्यांना सांगते, काशिनाथ मासे सांभाळत घरी बसलेत म्हणून.”

अण्णा दुकानदार माणूस. स्टँडवरच्या चर्चेला फार भ्यायचा. “सोमवारी निघू,” तो पुटपुटला.

भिंतीशी बसलेली अव्वा हे सगळे ऐकत होती. 

सोमवारी सकाळी पेटीतले पाणी ताकासारखे पांढरे झाले होते. काचेतून आरपार दिसत नव्हते. त्या पांढऱ्यातून काळा मासा तेवढा स्पष्ट दिसत होता, कारण तो वर तरंगत होता.

“काळा गेला!” अण्णाने गुडघे टेकले. “काळा म्हणजे सगळ्यांत मोठं संकट, मन्मथ! अव्वाचं मरणच घेऊन गेला तो!”

मी बाही सारून पेटीत हात घातला. अमोनियाचा हिशेब माझ्या ताब्यात होता. आदल्या दिवशी नितळ असलेले पाणी आपोआप असे होत नाही. खड्यांच्या खालून माझ्या बोटांना बुळबुळीत लगदा लागला. तो मी बाहेर काढून हुंगला. आंबलेले दूध, आणि त्यात ज्वारीचा चोथा.

“भाकरी,” मी म्हणालो. “कुणीतरी दूधभाकरी घातली आहे यात. अण्णा, हे तुझं काम!”

“माझं?”

“गाडी काढायची नव्हती म्हणून! स्टँडवर सांगायला निमित्त हवं होतं म्हणून! स्वतःच्या आईला मारायला निघालास, आणि वर गुडघे टेकतोस?” मी त्याची गळपट्टी धरली होती.

अण्णाने मला ढकलले नाही. त्याने सदऱ्यात हात घालून गळ्यातले इष्टलिंग मुठीत धरले. “हे धरून सांगतो, मी घातलं नाही.”

आम्हा लिंगायतांत लिंग हातात धरून माणूस खोटे बोलत नाही. निदान अण्णा बोलला नसता. तो मूर्ख होता, पण त्याचा मूर्खपणा प्रामाणिक होता. मी वैनीकडे पाहिले.

“माझ्याकडे काय बघता? ज्वारी काय फुकट आली आहे? आम्ही ताटात उष्टं टाकत नाही. या घरात दूधभाकरी खातं तरी कोण…”

ती बोलता बोलता थांबली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग तिने नजर वळवली आणि चुलीकडे गेली.

त्या दिवशी गाडी निघाली नाही. अण्णा काळ्या माशाला पुरून, हातपाय धुऊन दुकानात गेला. मीही कारखान्याला जातो असे सांगून निघालो आणि दुपारी परसाच्या दाराने परत आलो. वैनी मागच्या पडवीत धान्य निवडत होती. तिने मला पाहिले आणि सुपावरची मान वर केली नाही.

बैठकीच्या दाराशी मी उभा राहिलो. दोन पावले चालली तरी जिचा श्वास फुलत असे, ती माझी आई भिंतीचा आधार घेत कोपऱ्यापर्यंत गेली होती. एका हाताने तिने पेटीची कड धरली होती, दुसऱ्या हातात वाटी होती. ती भाकरीचे तुकडे बोटांनी बारीक करून पाण्यात सोडत होती. घाई न करता, लहान मुलाला भरवावे तसे. मासे येऊन ते खात होते.

“अव्वा.”

ती दचकली नाही. “कारखान्यात गेला नाहीस?”

“काय करतेस तू हे?”

“दिसतंय की.”

“कधीपासून?”

तिने आधी श्वास गोळा केला. “पहिला आपला आपण मेला. तेव्हा काशिनाथनं… गाडीतली गादी काढून आणली. ते बघितलं अन् माझ्या ध्यानात आलं. थोडं थोडं करून घालायचे, मासे खाऊन टाकायचे. काल तुम्ही सोमवारचं पक्कं धरून बसलात, म्हणून सगळी वाटी घातली.”

“म्हणजे इतके दिवस तू जेवलीसही नाहीस?”

“दोन घास खाते की. मला लागतं किती?”

मी तिच्या हातातली वाटी काढून घेतली.   “तू मरशील, अव्वा. कळतं का तुला? तुझी झडप दुरुस्त होते. सोलापुरात रोज करतात. आणि तू इथं माशांना मारत बसलीस, मरण्यासाठी!”

“मरेन की. इथं मरेन. माझ्या घरात.”

“तिथं कुणी मरायला नेत नाही!”

“तुझ्या आप्पांना कोण घेऊन गेलं होतं?”

वडिलांचे नाव निघताच मी हातातली वाटी खाली ठेवली.

“तूच ना? त्यांनाही तिथंच नेलंस. ‘दोन दिवसांत आणतो, अव्वा,’ म्हणालास. मी रोज दारात पाणी भरून ठेवत होते… पाय धुवायला. आणलंस तू. शब्द पाळलास. कसं आणलंस ते मी बघितलं.”

“आप्पांना न्यायला उशीर झाला होता! तेव्हाही अण्णा मुहूर्त बघत बसला होता. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणलं असतं तर…”

“वाद घालू नको. मला तुझ्यासारखा वाद येत नाही.” तिने पेटीची कड सोडली आणि हात छातीशी नेऊन लिंगाची डबी धरली. “तुला याची आण आहे. काशिनाथला सांगायचं नाही.”

“आण तू घातलीस. मी घेतलेली नाही.”

असे उत्तर मरणाच्या दारात उभ्या असलेल्या आईला कोणी देते का, असे मला नंतर वैनीने विचारले. मी दिले. ते उत्तर न्याय्य होते, आणि आज इतक्या वर्षांनंतरही मी त्यातला एक शब्द बदलणार नाही.

 “मग जा,” अव्वा म्हणाली. “सांग त्याला. पण मग मला तोंड दाखवू नको.”

मी तिला धरून तिच्या जागी बसवले. तिने अंग ताठ केले होते. वैनीला हाक मारून मी थेट दुकान गाठले.

अण्णा कोणा गिऱ्हाइकाला पंपाचा वायसर दाखवत होता. गिऱ्हाईक असतानाच मी सांगितले. दुधाचे, भाकरीचे, वाटीचे.  त्याच्या हातातला वायसर गल्ल्यावर पडून गोल फिरत राहिला.

“अव्वानं?” तो म्हणाला. “हातानं?”

“हातानं.”

“दोन्ही?”

“पहिला नाही. पण काळा नक्कीच.”

मला वाटले, आता तो विचारेल, अव्वाने असे का केले. त्याऐवजी त्याचा चेहरा राखेसारखा होत गेला. “हातानं मारलेला मासा काय घेणार, मन्मथ? तो लागू होत नाही. काळा लागू होत नाही! म्हणजे ते सगळ्यांत मोठं… ते मरण तिच्यावरच आहे! अजून तिच्या अंगावरच आहे!” आणि तो गल्ला उघडा टाकून, गिऱ्हाइकाला धक्का मारून, जीपच्या किल्ल्या शोधत रस्त्यावर धावला.

डॉक्टरांचा शब्द, नळीतला रंग, सुजलेले पाय, निळे ओठ यांतल्या कशानेही जे झाले नव्हते, ते एका क्षणात झाले. आणि ज्या कारणाने झाले त्यातले प्रत्येक अक्षर चूक होते. मी जिंकलो होतो. गाडीत बसताना माझा राग मात्र तसूभरही उतरलेला नव्हता.

अव्वाला आम्ही खुर्चीसकट उचलून जीपमध्ये ठेवले. “काशिनाथ, नको रे,” ती म्हणाली. अण्णा रडत होता, पण ऐकत नव्हता. तेव्हा तिला कळले की मी सांगितले. तिने माझ्या बाजूचे तोंड फिरवून घेतले, ते सोलापूर येईपर्यंत.

तिथल्या डॉक्टरांनी तिला तपासून आम्हाला फैलावर घेतले. “सुशिक्षित दिसता. इतके दिवस काय करत होता?” अण्णाने माझ्याकडे पाहिले, मी अण्णाकडे पाहिले. झडप बदलावी लागली. ती त्यातून उठली. सूज उतरली, ओठांचा रंग परत आला, ती आडवी होऊन झोपू लागली. माझ्याशी मात्र ती बोलली नाही. मी पाण्याचा पेला ओठांशी नेला तर ओठ मिटून ठेवी. तोच पेला अण्णाने घेतला की पिई. परिचारिकेने एकदा विचारले, “आजी, हे दुसरे कोण?” अव्वा म्हणाली, “यांच्याबरोबर आलेत.”

आम्ही परत आलो तेव्हा वैनीने दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. अव्वा अण्णाचा हात धरून, स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडून आत आली आणि बैठकीत थांबली.

पेटीतले सगळे मासे मेले होते. तपकिरी पाण्यावर ते एकमेकांना चिकटून तरंगत होते.

“मी काय करू?” वैनी म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. “तुम्ही गेल्यापासून नळ आलेला नाही. पिंपातलं पाणी शेवटी मीच प्यायले. वीजही धड नाही, पेटीतला हवेचा पंप बंदच. काल दोन मेले, आज सकाळी उरलेले सगळे. मी हात लावला नाही.”

अण्णा पुढे गेला. हळूहळू त्याने दोन्ही हात जोडले. “सगळ्यांनी घेतलं,” तो कुजबुजला. “बघ मन्मथ, एकही मागं राहिला नाही. इकडं हे गेले अन् तिकडं अव्वा उठली.”

माझ्या छातीत जे उसळले त्याला राग हा शब्द तोकडा आहे. तिला शल्यविशारदाने वाचवले होते, वैनीच्या धमकीने वाचवले होते, मी न घेतलेल्या शपथेने वाचवले होते. आणि श्रेय चालले होते न बदललेल्या पाण्यात गुदमरून मेलेल्या माशांना! नळ, वीज, पंप, अमोनिया, सगळे मुद्दे क्रमाने माझ्या जिभेवर उभे राहिले. मी तोंड उघडले.

“मन्मथ.”

इतक्या दिवसांत तिने प्रथमच माझे नाव घेतले होते.

“गप्प बस,” अव्वा म्हणाली. मग ती अण्णाला म्हणाली, “काशिनाथ, पुन्हा आणू नको.”

“अव्वा, पण नऊ तर लागतातच…”

“नको म्हटलं ना? माझ्या नावानं मेले तेवढे पुरे झाले.”

अण्णाने मान खाली घातली. अव्वा भिंतीला धरून तिच्या जागेकडे गेली, सावकाश खाली बसली, पाय लांब केले. माझ्याकडे न पाहता तिने हाताने पेटी दाखवली.

“ते पाणी फेकू नको. नळ यायचा आहे अजून. परसातल्या जास्वंदीला घाल.”

अण्णा एकेक मासा फडक्यात घेत होता आणि प्रत्येकाला हात जोडत होता. मी बादली आणली, त्याच्याशेजारी उभा राहिलो, आणि दातांवर दात रोवून ते कुजलेले पाणी भरू लागलो.